अंगावर काढणे : स्त्रीलेखनातील देह, कर्तेपण आणि भरून येणे

१. एका वाक्प्रचारापासून

मराठीत आजारपणाविषयी बोलताना ‘अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. ताप आला तरी अंथरूण न धरता, औषधोपचार न करता, रोजची कामे करीत तो उतरेपर्यंत सोसणे, असा त्याचा अर्थ. या दोन शब्दांत दोन गोष्टी एकवटल्या आहेत. दुखणे आहे याची पुरती जाणीव आहे आणि त्या दुखण्याकडे लक्ष देण्याची सवड मात्र नाही. हिंदीतील ‘सहना’ किंवा ‘झेलना’ या क्रियापदांत सोसण्याचा अर्थ येतो. परंतु सोसत असतानाच काम चालू ठेवण्याची छटा त्यांत अंगभूत नाही. घरात कोणी आजार अंगावर काढला असे म्हटले की बहुधा ती त्या घरातील बाई असते, किंवा हातावर पोट असलेला माणूस असतो. या वाक्प्रचाराला असा सामाजिक पत्ता आहे.

प्रस्तुत निबंधात हा वाक्प्रचार समीक्षेतील एक संकल्पना म्हणून वापरून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्याचे कारण असे की, गेल्या काही दशकांत स्त्रियांच्या, विशेषतः दलित आणि आदिवासी स्त्रियांच्या अनुभवांविषयीच्या लेखनाचे वाचन ‘आघात’ या कल्पनेच्या आधारे करण्याचा प्रघात तौलनिक साहित्याभ्यासात रुळला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकाराचा समावेश केला. ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने बरे होण्याच्या प्रक्रियेचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक आणि जगाशी पुन्हा जोडले जाणे. कॅथी करूथ यांनी १९९६ मध्ये ही विचारपद्धती साहित्यसमीक्षेत आणली. पुढे २०१४ मध्ये बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या ग्रंथाने आघात शरीरात साठून राहतो आणि बरे होण्याचा रस्ताही शरीरातूनच जातो, ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली. या ग्रंथातील काही दाव्यांवर त्या शास्त्रातच वाद आहेत. पण ‘देहाकडे परत या, म्हणजे स्वतःवरचा ताबा परत मिळेल’ हे सूत्र आज सर्वतोमुखी झाले आहे.

या सूत्राचे मोल नाकारण्याचे कारण नाही. अत्याचार सोसलेली व्यक्ती अनेकदा आपल्याच शरीरापासून दुरावते, अंग बधिर होते, घडत असलेले जणू दुसऱ्याच कोणाला घडते आहे असे वाटते, हे चिकित्सकांचे निरीक्षण आहे. श्वासाकडे, हालचालीकडे, स्पर्शाकडे सावकाश परत येणे हा अशांच्या बाबतीत उपचाराचा भाग होऊ शकतो. प्रश्न उपचाराचा नाही. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. ‘परत येणे’ या क्रियापदात एक गृहीतक दडलेले आहे : देह हे मुळात आपले घर होते, आघाताने आपण त्यातून बाहेर फेकले गेलो, आता तेथे परतायचे आहे. जिचा देह जन्मापासून दुसऱ्यांच्या कामी लागलेला आहे, जिच्या सावलीचाही विटाळ मानला गेला आहे, तिने परतायचे कुठे? आणि जिला दुखणे अंगावर काढावे लागले, ती देहापासून दूर गेली होती असे तरी कसे म्हणावे? तिला त्या देहानेच पाणी भरायचे होते.

आपल्याकडे इंग्रजी ‘ट्रॉमा’साठी ‘आघात’ हा शब्द योजला गेला, तोही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम असा आहे. आघात म्हणजे जखम नव्हे, प्रहार. जखमेचा विचार करताना आपले लक्ष जखमी व्यक्तीवर खिळते; प्रहार म्हटले की प्रहार करणाऱ्याचीही चौकशी करावी लागते. भाषांतरात झालेला हा अर्थबदल भारतीय संदर्भात उपकारकच ठरावा. पुढे ज्या चार संहितांचा विचार केला आहे, त्या या दृष्टीने एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत.

२. रिकामी जागा झाकण्याचा आग्रह

पहिली संहिता भारताबाहेरची आहे. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीची स्तनाच्या कर्करोगासाठी १९७८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्या अनुभवावरचे त्यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या वर्षी निदानपुस्तिकेत आघाताची अधिकृत नोंद झाली, त्याच वर्षी हे पुस्तक यावे हा योगायोग. परंतु दोहोंची दिशा वेगळी आहे. निदानपुस्तिका लक्षणे नोंदवते, तर लॉर्ड त्या लक्षणांभोवतीचा सामाजिक व्यवहार नोंदवतात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात एक स्वयंसेविका त्यांना भेटायला येते आणि काढलेल्या स्तनाच्या जागी बसवण्यासाठी लोकरीचा एक गोळा देते. त्याचा रंग फिका गुलाबी आहे. लॉर्ड यांच्या त्वचेच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. काही दिवसांनी त्या टाके काढण्यासाठी डॉक्टरांकडे जातात, तेव्हा तेथील परिचारिका त्यांना सुनावते की, कृत्रिम स्तन न लावता आल्याने इतर रुग्णांचे मनोधैर्य खचते. या प्रसंगाचे विश्लेषण करताना लॉर्ड इस्राएलच्या मोशे दायान यांचा दाखला देतात. युद्धात गमावलेल्या डोळ्यावर पट्टी बांधून ते जगभर वावरले. त्यांना कोणी काचेचा डोळा बसवायला सांगितले नाही. पुरुषाच्या शरीरावरील व्रण पराक्रमाचा आणि स्त्रीच्या शरीरावरील व्रण मात्र इतरांच्या डोळ्यांना खुपणारा, हा भेद त्या नेमका पकडतात.

लॉर्ड यांच्या दृष्टीने देहाशी पुन्हा जोडले जाणे म्हणजे आरशासमोर उभे राहून स्वतःला स्वीकारणे एवढेच नाही. आपल्या छातीवरची रिकामी जागा रिकामीच दिसू देणे, हा त्यांचा निर्णय आहे. या अनुभवातून गेलेल्या स्त्रिया एकमेकींना ओळखू शकत नाहीत, कारण प्रत्येकीने आपली जागा झाकलेली आहे. आणि ज्यांना एकमेकी दिसत नाहीत त्या एकत्र येऊन काही मागूही शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे न झाकणे ही केवळ आत्मस्वीकृती न राहता संघटनेची पूर्वअट ठरते.

येथे आणखी एक गोष्ट निसटू देता कामा नये. लॉर्ड वैद्यकीय अर्थाने बऱ्या झाल्या नाहीत. १९८४ मध्ये कर्करोग यकृतात पसरल्याचे निष्पन्न झाले आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे या पुस्तकातील कर्तेपण प्रकृती सुधारण्यावर अवलंबून नव्हते. ते आजाराच्या सोबतीने आणि काही अंशी आजाराविरुद्ध उभे राहिले. तरीही लॉर्ड यांच्याकडे एक गोष्ट होती. शस्त्रक्रियेपूर्वीचा आपला देह त्यांना आठवत होता, तो त्यांना प्रिय होता, त्या गमावलेल्या स्तनासाठी त्यांनी शोक केला. ज्याचा शोक करता येतो ते कधीतरी आपले असावे लागते. पुढील संहितेत नेमकी हीच गोष्ट नाही.

३. उसना आवाज आणि आपला आवाज

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. शीर्षकातील सर्वनाम बहुवचनी आहे, आणि ते केवळ शीर्षकापुरते नाही. वीरगावच्या महारवाड्यातील बायकांचे जगणे येथे ‘आम्ही’च्या आवाजात येते, ‘मी’ फार थोड्या जागी पुढे येतो. आघाताच्या सिद्धान्ताला लागणारा एकवचनी, स्वतःच्या आत डोकावणारा निवेदक या पुस्तकात सापडत नाही म्हणून त्याची आत्मकथन म्हणून उणीव सांगण्याचा मोह काही वाचकांना होतो. त्यापेक्षा असे विचारावे की, देहाचे दुःखच जेथे सामायिक आहे तेथे निवेदन एकवचनी का असावे?

या पुस्तकातील देह प्रथम भुकेचा देह आहे. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, अंगावर धड कापड नाही, सुईणी अडाणी आहेत आणि प्रसूतीच्या वेदनांमध्ये उपासमारीची भर पडलेली आहे. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली सून पहाटेपासून राबते. छळाला कंटाळून ती माहेरी पळाली तर तिला परत आणून तिच्या पायात जड लाकडी खोडा अडकवला जातो. त्या पायाने तिने घरातील सारे काम करायचे. ‘अंगावर काढणे’ या वाक्प्रचाराचे याहून शब्दशः उदाहरण मिळणे कठीण आहे. पाय सोलवटतो, रक्त येते, आणि काम चालू राहते. बेबी कांबळे हे सारे लिहिताना सवर्णांच्या क्रौर्याइतकेच आपल्या माणसांच्या क्रौर्यालाही सामोऱ्या जातात. सासू सुनेला छळते, कारण कधी काळी तिलाही असेच छळले गेले होते, ही साखळी त्या दाखवून देतात.

या पार्श्वभूमीवर पुस्तकातील आषाढाचे वर्णन वाचायला हवे. आषाढ महिन्यात महारवाड्यातील बायकांच्या अंगात येते. वर्षभर मान खाली घालून राबणारी बाई केस मोकळे सोडून घुमते, आणि घरातील माणसे तिच्यापुढे हात जोडतात, तिला प्रश्न विचारतात, तिचा शब्द झेलतात. लेखिकेची भूमिका स्पष्ट आहे : हे अज्ञान आणि दारिद्र्य यांचे फळ आहे, त्यात गौरवण्यासारखे काही नाही. ती भूमिका पूर्ण मान्य करूनही त्यांच्याच वर्णनातून आणखी एक वाचन संभवते. अंगात येणे हा त्या देहाला मिळालेला उसना आवाज आहे. बाईच्या तोंडून बाई बोलली तर कोणी ऐकणार नाही, तिच्या तोंडून देवी बोलली तर ऐकतील, ही व्यवस्था आहे. देह काही काळ अधिकाराचे स्थान होतो. पण तो अधिकार बाईचा नसतो. घुमणे थांबले की ती पुन्हा चुलीपुढे.

लोकसंस्कृतीच्या काही अभ्यासांत अंगात येण्याला स्त्रियांच्या प्रतिकाराचे रूप मानले जाते. ‘जिणं आमुचं’ या निष्कर्षाला जोडच देत नाही, त्याला मर्यादाही घालते. देहातून काही बाहेर पडले, मन हलके झाले, एवढ्याने कर्तेपण येत नाही. जे बोलले ते माझे आहे, असे म्हणता यावे लागते. पुस्तकाचा सांधा येथेच बदलतो. जेजुरीला झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणाचा प्रसंग येतो. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, मुलांना शिकवा, असे ते बायकांना सांगतात. आंबेडकरांचे हे आवाहन देहाशी निगडित आहे, हे सहसा नोंदवले जात नाही. तोंडात काय घालायचे, अंगावर काय नेसायचे, कोणापुढे वाकायचे नाही, या सगळ्या देहाच्याच गोष्टी आहेत. धर्मशास्त्राने ज्या देहाला अपवित्र ठरवले, त्या देहाच्या रोजच्या सवयींपासून चळवळीने सुरुवात केली. पूर्वी कधीच आपला नसलेला देह येथे प्रथमच आपला म्हणून हाती घेतला जातो, आणि या कृतीला परत येणे म्हणता येणार नाही. तो पहिला ताबा आहे.

हा ताबा पूर्ण झाला असे मात्र पुस्तक सांगत नाही. बेबी कांबळे यांनी किराणा मालाचे दुकान चालवत असताना, पुड्या बांधायच्या कागदांवरचा मजकूर वाचत आपले वाचन वाढवले. आणि आपले लेखन नवऱ्यापासून व मुलापासून जवळजवळ वीस वर्षे लपवून ठेवले, हे त्यांनी इंग्रजी अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले आहे. चळवळीत जाहीरपणे बोलणारी स्त्री घरात वही लपवत होती. समूहाच्या कर्तेपणात व्यक्तीचे कर्तेपण आपोआप सामावत नाही, हे या एका तपशिलातून जितके कळते तितके एखाद्या सिद्धान्तातून कळणार नाही.

४. हातांचे ज्ञान

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणात बांबूच्या पट्ट्यांपासून विणलेल्या सुपे, टोपल्या, रोवळ्या अशा वस्तूंना आयदान म्हणतात. शिक्षक असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर लेखिकेच्या आईने आयदाने विणून घर चालवले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, दुःखाची आणि सोसण्याची, असे लेखिका आपल्या मनोगतात म्हणतात.

पुस्तकाची सुरुवात होते ती डोक्यावर बोजे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांच्या वर्णनाने. वाट अवघड, बोजा जड. पण त्या बायका चालता चालता बोलतात, थट्टा करतात, शिव्या देतात, एकमेकींची दुःखे ऐकतात. आघाताच्या सिद्धान्तात बोलणे हा उपचाराचा स्वतंत्र प्रसंग असतो. त्यासाठी निराळी वेळ, निराळी खोली आणि ऐकणारे निराळे माणूस लागते. या बायकांना निराळी वेळ नाही. त्यांचे बोलणे श्रमाच्या आत घडते, श्वास आणि पावले यांच्या लयीत घडते. आपण काही बरे करीत आहोत, अशी त्यांची भावनाही नसते. तरीही डोक्यावरचे ओझे सोडून मनावरचे जेवढे उतरते तेवढे वाटेतच उतरते.

पवार यांच्या लेखनात शरीराविषयीचा मोकळेपणा आहे. मासिक पाळी, लग्नानंतरचे शरीरसंबंध, बाळंतपण यांविषयी त्या संकोच न बाळगता लिहितात. या मोकळेपणाला धीटपणा म्हणून दाद देणे सोपे आहे. पण ज्या जातीच्या स्त्रियांचे शरीर गावाला सतत उपलब्ध मानले गेले, त्या जातीतील लेखिकेने आपल्या शरीराविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि उच्चजातीय लेखिकेने मर्यादा ओलांडून लिहिणे, या दोन क्रिया सारख्या नाहीत. कमला दास यांच्या १९७३ च्या ‘एन्टे कथा’ या मल्याळम आत्मकथनाशी तुलना केली म्हणजे हा फरक दिसतो. तेथे प्रतिष्ठित घराने झाकून ठेवलेला देह उघड होतो, आणि खळबळ त्या उघड होण्याचीच होते. ‘आयदान’मधील देह झाकलेला नव्हताच, त्याच्याविषयी इतरच बोलत आले होते. येथे लेखिका बोलण्याचा हक्क मागून घेते. एकीत मौनाची कोंडी फुटते, तर दुसरीत इतरांच्या बडबडीला अडवले जाते. दोघींना ‘देहभान’ या एकाच नावाखाली ठेवले की हा भेद पुसला जातो.

पुस्तकाच्या उत्तरार्धात तरुण मुलाच्या मृत्यूचा प्रसंग येतो. शिक्षण, नोकरी, स्त्रियांच्या व दलित चळवळीतील काम, मीनाक्षी मून यांच्यासह १९८९ मध्ये सिद्ध केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचे दस्तऐवजीकरण, हे सारे मिळवल्यावरही हे दुःख येते, आणि त्या मिळकतीने ते कमी होत नाही. कर्तेपण मिळाले म्हणजे जखम भरतेच असे नाही, हे ‘आयदान’ प्रामाणिकपणे मान्य करते. भरून येण्याची जी काही शक्यता येथे आहे ती हातांच्या कामात आहे. बांबूची पट्टी वाकवताना किती ताण द्यायचा, कोठे थांबायचे, हे बोटांना कळते. ते शब्दांत शिकवता येत नाही. विणताना बोटे कापतात आणि त्याच बोटांतून आकार तयार होतो. आईकडून लेखिकेला वारशाने मिळाले ते हे ज्ञान. वेदना कशी सोसावी एवढेच त्यात नसून तिच्यातून वापरता येण्याजोगी वस्तू कशी तयार करावी, हेही त्यात आहे. टोपली बाजारात विकली जाते आणि त्या पैशावर घर चालते. दुःखाचे रूपांतर कलेत होण्याच्या नेहमीच्या रोमँटिक कल्पनेहून हे वेगळे, अधिक व्यवहारी आणि म्हणून अधिक विश्वसनीय आहे.

५. भरून येण्यास नकार

चौथी संहिता आत्मकथन नाही. महाश्वेता देवी यांची ‘द्रौपदी’ ही कथा ‘अग्निगर्भ’ या १९७८ च्या संग्रहात आहे, आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या १९८१ मधील इंग्रजी भाषांतरामुळे ती जगभरच्या अभ्यासक्रमांत गेली. संथाळ दोपदी मेझेन पकडली जाते. सेनानायकाच्या आज्ञेने तिच्यावर रात्रभर बलात्कार होतात. सकाळी तिला वस्त्र दिले जाते, ते ती नेसत नाही. विवस्त्र आणि रक्तबंबाळ अवस्थेत ती सेनानायकासमोर येऊन उभी राहते, आणि तो शस्त्रहीन देहाला प्रथमच घाबरतो. महाभारतातील द्रौपदीची लाज कृष्णाने पुरवलेल्या वस्त्राने राखली जाते. येथे वस्त्र पुरवणारा अत्याचारीच आहे, म्हणून ते नाकारणे हाच कर्तेपणाचा एकमेव उरलेला मार्ग ठरतो.

लॉर्ड यांनी नाकारलेला लोकरीचा गोळा आणि दोपदीने नाकारलेले वस्त्र यांत साम्य आहे. दोन्हींमधून ‘झाले ते झाकून टाक’ एवढेच सांगितले जाते. पण लॉर्ड यांच्यापुढे उरलेले आयुष्य आहे, मैत्रिणी आहेत, लिहिण्याची शक्यता आहे. दोपदीपुढे यांपैकी काही नाही. कथा तेथेच थांबते, आणि ती बरी झाली का, हा प्रश्न तेथे विचारणेही अप्रस्तुत होते. बरे होण्याच्या टप्प्यांची चौकट या कथेला लावणाऱ्या वाचकाला येथे अडखळावे लागते. सुरक्षितता हा पहिला टप्पा, आणि दोपदीला तो कधीही मिळणार नाही. तरीही कथेत कर्तेपण आहे. म्हणजे भरून येणे आणि कर्तेपण या दोन गोष्टी एकाच्या पाठोपाठ दुसरी येतात, हे गृहीतक सोडून द्यावे लागते.

या कथेचा पुढचा प्रवास तौलनिक अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावा असा आहे. मणिपूरचे दिग्दर्शक हैस्नाम कन्हाईलाल यांनी २००० साली या कथेचे नाट्यरूप इंफाळमध्ये सादर केले. सावित्री हैस्नाम यांनी दोपदीची भूमिका केली आणि अखेरच्या प्रसंगात त्या रंगमंचावर विवस्त्र झाल्या. त्यावर कडाडून टीका झाली. कन्हाईलाल यांची नाट्यपद्धती संवादांपेक्षा नटाच्या शरीरावर, श्वासावर आणि आवाजावर उभी होती. त्यामुळे हा प्रसंग त्यांच्या रंगभाषेत उपरा नव्हता. पुढे ११ जुलै २००४ रोजी थांगजम मनोरमा या तरुणीचा मृतदेह सापडला. आदल्या रात्री आसाम रायफल्सच्या जवानांनी तिला घरातून नेले होते. १५ जुलै रोजी बारा मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांनी त्या दलाचे ठाणे असलेल्या कांगला किल्ल्याच्या दारापुढे विवस्त्र होऊन निषेध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला रिकामा केला.

नाटकातून आंदोलन जन्मले असे म्हणणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल. मणिपुरात स्त्रियांच्या सामूहिक लढ्याची स्वतःची परंपरा आहे. १९०४ आणि १९३९ चे ‘नुपी लान’ हे उठाव प्रसिद्ध आहेत. आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की, कथेतील एकटी दोपदी रस्त्यावर बारा जणी झाली. त्या बारा जणींपैकी कोणीही ‘माझ्यावर अत्याचार झाला’ असे म्हणत नव्हती. आम्ही सगळ्या मनोरमेच्या आया आहोत, असे त्या आपल्या देहाने सांगत होत्या. एकीच्या देहावरचा प्रहार बारा देहांनी अंगावर घेतला. आणि येथे मराठीतील दुसरा वाक्प्रचार आठवतो. ‘अंगावर काढणे’ आणि ‘अंगावर घेणे’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे. पण पहिल्यात निरुपायाने सोसणे आहे, तर दुसऱ्यात जाणूनबुजून जबाबदारी स्वीकारणे आहे.

६. जात्याची दुसरी बाजू

या चार संहितांतून निघणारा निष्कर्ष असा सांगता येईल. देहाशी नव्याने नाते जोडल्याने कर्तेपण येते आणि मन सावरते, हे सूत्र चुकीचे नाही, अपुरे आहे. लॉर्ड यांना गमावलेल्या देहाचा शोक करता आला, बेबी कांबळे यांच्या ‘आम्ही’ला देह प्रथमच मिळवावा लागला, ऊर्मिला पवार यांना आईच्या हातांतील कसब लेखणीत आणावे लागले, दोपदीला भरून येण्याची संधीच नव्हती. चौघींत समान असे एकच आहे. प्रत्येकीने, आपल्या दुखऱ्या देहाविषयी इतरांनी ठरवलेली सोय नाकारली : कृत्रिम स्तन, देवीचा उसना आवाज, मौन, वस्त्र. देह सावरण्याची सुरुवात या नकारापासून होते, आणि तो नकार एकटीने दिलेला असला तरी तो टिकतो इतरांच्या सोबतीने.

हर्मन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे की, बरे होणे एकांतात घडत नाही, ते नात्यांतच घडते, असे त्यांनीही बजावले आहे. त्यांच्या मांडणीतील हा राजकीय भाग समीक्षेच्या व्यवहारात गळून गेला आणि लक्षणांची यादी तेवढी उरली. त्याचा परिणाम असा होतो की, दलित स्त्रीचे आत्मकथन वर्गात वाचले जाते तेव्हा लेखिका विचार करणारी व्यक्ती म्हणून न येता रुग्ण म्हणून समोर येते, आणि वाचक चिकित्सकाच्या खुर्चीत बसतो. जिने आपल्या समाजाचे विश्लेषण केले तिचे आपण निदान करू लागतो. या वाचनाने तिचे कर्तेपण दुसऱ्यांदा काढून घेतले जाते.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. ‘अंगावर काढणे’ ही संकल्पना म्हणून स्वीकारताना सोसण्याचा गौरव होऊ नये. आपल्या साहित्यात सोशिक बाईची पूजा पुष्कळ झाली आहे. आजार अंगावर काढावा लागणे हा गुण नाही, ते सोयींच्या आणि न्यायाच्या अभावाचे लक्षण आहे. कष्टकरी स्त्रीला मानसोपचार नकोत, तिला गाणी पुरतात, असा निष्कर्ष कोणी या निबंधातून काढला तर तो विपर्यास ठरेल.

अखेरीस एका जुन्या संदर्भाकडे वळू. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. या रचनांचे आध्यात्मिक अन्वयार्थ पुष्कळ झाले आहेत. पण राबून थकलेल्या दासीने देवाकडून काय अपेक्षिले, हे पाहिले तर ते अगदी शारीरिक आहे : जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसावे, डोक्यावरून कोणीतरी हात फिरवावा. तिला श्रमातून सुटका मिळत नाही, जाते थांबत नाही. मात्र खुंट्याला दुसरा हात लागतो. देह सावरण्याची मराठी परंपरेतील ही कदाचित सर्वांत जुनी कल्पना असेल. बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांनी देवाच्या जागी चळवळ, मैत्रिणी आणि वाचक यांना बसवले. आपण त्यांचे वाचक आहोत. त्यांच्या दुःखाचे निदान करायचे की खुंट्याला हात लावायचा, हा निर्णय प्रत्येक वाचनात आपल्यालाच करावा लागतो.